मुंगीला वाचता येत नाही

सध्या माझा मुक्काम सीमेवर आहे. रक्ताच्या रिपोर्टात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेपुढे ६.१ असा आकडा छापून आला आणि डॉक्टर म्हणाले, "डायबिटीस नाही, पण बॉर्डरवर आहात." ५.७ च्या खाली असतो तो नागरिक, ६.५ गाठतो तो पेशंट आणि मधल्या पट्ट्यात आम्ही तंबू ठोकून बसलेले. एकटेपणा मात्र अजिबात जाणवत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि सीमेवरचे १३.६ कोटी. एवढी फौज सीमेवर उभी असताना शत्रू आत शिरलाच कसा, हे संसदेत कुणी विचारत नाही.

मधुमेह हा शब्द आता फक्त सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर उरलाय. घरात 'शुगर' असते. "यांना शुगर आहे" हे "यांचा कोथरूडला फ्लॅट आहे" अशा सुरात सांगितलं जातं. लग्नकार्यात चार शुगरवाले एका टेबलाशी बसून एकमेकांचे आकडे विचारतात, हळहळतात आणि मग उठून जिलबीच्या रांगेत लागतात. गोळी घेतलेली असते ना.

"प्रोसेस्ड शुगर बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"आमच्याकडे तसं गोड फारसं कुणी खात नाही हो."

डॉक्टरांनी मान वर केली. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पंधराव्यांदा ऐकलं असावं.

"मग काय खाता?"

"साधंच. सकाळी ब्राऊन ब्रेड नाहीतर मुसली. चारला चहा-मारी. रात्री भूक नसली तर पाकिटातलं सूप."

"पाकिटं उलटी करून वाचा," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. एवढ्या स्वस्तात सुटलो म्हणून मी खूश होतो. पाकिटं उलटी करेपर्यंत.

★

आमच्या घरात भिंग एकच. आईचं, पंचांग बघायचं. ते घेऊन मी स्वयंपाकघरात बसलो आणि फळीवरचा एकेक ऐवज उलटा करायला लागलो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला कविता असते आणि मागच्या बाजूला पंचनामा. पुढे गव्हाची लोंबी, सूर्योदय आणि सडपातळ बाई. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत कबुलीजबाब.

ब्राऊन ब्रेड. पहिला घटक मैदा. साखर चौथ्या नंबरावर. आणि ज्या तपकिरी रंगासाठी मी दहा वर्षं जादा पैसे मोजले, तो रंग १५० क्रमांकाचा, म्हणजे कॅरमल. मैद्याला उन्हात फिरवून आणलं असतं तरी एवढं फसवल्यासारखं वाटलं नसतं.

टोमॅटो सॉस. शंभर ग्रॅमला २८ ग्रॅम साखर. पाकिटावर मोठ्या मनाने सांगितलंय की एक वेळचं सर्व्हिंग १५ ग्रॅम धरावं. म्हणजे मोठा चमचाभर सॉस घेतला की त्यात लहान चमचाभर साखर. आमची मुलगी सॉस चमच्याने घेत नाही. ती बाटली उलटी करून मागून थापट्या मारते.

जॅम. यात फळ किती असावं? शंभरात ४५ भाग असलं की नियमाने जॅम पास. स्ट्रॉबेरीला तर त्याहूनही सवलत. आमच्या वेळी दहावीला ४५ टक्क्यांना सेकंड क्लास मिळायचा, पण त्यावर कुणी सोनेरी झाकण लावून फोटो छापत नव्हतं.

मुसली हा तर आमच्या घरातला सर्वांत प्रतिष्ठित पदार्थ. पोह्यांच्या तिप्पट भावाचा. नियम असा आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ज्याचं वजन जास्त, त्याला पहिली खुर्ची. आता साखर एकाच नावाने लिहिली तर ती ओट्सच्या शेजारी येऊन बसायची. म्हणून तिला चार नावांनी बसवली आहे. साखर, मध, इन्व्हर्ट सिरप, माल्टचा अर्क. चौघं वेगवेगळे झाले की प्रत्येकाचं वजन घटतं आणि चौघंही शेवटच्या बाकावर दिसतात. आपल्या मतदार यादीत एकच माणूस चार नावांनी सापडतो तेव्हा निदान बातमी तरी होते.

सूपच्या पाकिटात आणि मसाला वेफर्समध्ये भेटलं माल्टोडेक्सट्रिन. नाव ऐकून मला ते जंतुनाशक वाटलं होतं. हा स्टार्च तोडून केलेला पांढरा भुगा. जिभेला जेमतेम गोड, आणि तक्त्यातल्या साखरेच्या रकान्यातही तो मोजला जात नाही. पोटात गेला की झटपट ग्लुकोज. कागदावर निरपराध, रक्तात आरोपी.

दोन तासांनी ओट्यावर दोन ढीग झाले. एकात ज्यात साखर नाही ते : मीठ, हळद, डाळी, तांदूळ, तेल आणि मुंग्या मारायचा खडू. दुसऱ्यात बाकीचं घर.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, साखरेचा डबा कुठाय?"

साखरेचा डबा मी डॉक्टरांकडून आल्या आल्या माळ्यावर टाकला होता. अख्ख्या घरातला एकटा प्रामाणिक डबा, ज्याच्यावर 'साखर' असं लिहिलं होतं, तोच तडीपार झाला होता.

★

सरकार काही करत नाही असं नाही. पाकिटामागच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन रकाने वेगळे द्यायचा नियम आता आहे, आणि तो खरोखर चांगला आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर सरकारला असाही साक्षात्कार झाला की अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. तेव्हा दुधात घालायच्या गोड भुकट्या ऑनलाइन दुकानांनी त्या नावाखाली विकू नयेत. त्यानंतर जूनमध्ये, पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या फळांच्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असं लिहू नका, असाही आदेश निघाला. रसाचं राहू द्या, पण आमच्या पिढीची उंची, ताकद आणि परीक्षेतले मार्क ज्या भुकटीने वाढणार होते, तिला कायद्यात नावच नव्हतं. उंचीचा हिशेब आता कुणाकडे मागायचा?

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कुठल्या पदार्थात किती साखर, दिवसाला किती चालते, हे मुलांना फळ्यावर दिसावं. फार चांगली गोष्ट. फळ्याखाली उभी राहून मुलं एकमेकांच्या वाढदिवसाची चॉकलेटं वाटून घेतात.

आमच्या राज्यात मात्र ही लढाई जरा नाजूक आहे. साखर हा इथे खाद्यपदार्थ नाही, मतदारसंघ आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा साखर म्हणजे शेतकऱ्याच्या पोराची शाळा, रस्ता आणि दवाखाना होती. ते खरंच होतं. पुढे साखरेला सम्राट मिळाले. पुण्यात तिच्यासाठी संकुल आहे, आयुक्त आहेत. मधुमेह्यांना अजून तरी फक्त रांग आहे. आणि गळीत हंगामाच्या आसपास तालुक्याच्या चौकात फलक झळकतो : मोफत मधुमेह तपासणी शिबिर, सौजन्य आमचाच कारखाना. पुरवठा आणि विक्रीपश्चात सेवा एकाच छताखाली.

★

तर साखर गेली. तिच्या जागी कोण?

सुपरमार्केटमध्ये एक अख्खा कप्पा माझ्यासारख्यांसाठी राखीव होता. हिरवी पाकिटं, हिरवी पानं, 'साखर घातलेली नाही'. आपल्याकडे म्हण आहे : गूळ नसला तरी चालेल, गुळाची वाचा असावी. या कप्प्यात साखर नव्हती, पण वाचा कसली गोड! मी बिस्किटांचा पुडा उलटा केला. भिंग आता खिशातच असतं. मागे आकडे : ९५५, ९६०, ४२०. शेवटचा आकडा खरोखरच तोच आहे, मी मुद्दाम घातलेला नाही. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल.

खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी. एक, लहान मुलांना देऊ नये. दोन, जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. इतकं स्पष्ट तर लग्न जमवतानासुद्धा कुणी बोलत नाही.

या पदार्थांचा इतिहास काढला तर भलतीच मजा निघाली. सॅकरिन सापडलं १८७९ साली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. फाहलबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. संध्याकाळी घरी जेवायला बसला तर पाव गोड लागला. पाव साधाच होता, हात धुतले नव्हते. अॅस्पार्टेम सापडलं १९६५ साली. श्लॅटर नावाचा संशोधक अल्सरच्या औषधावर काम करत होता. कागद उचलायला बोट चाटलं, बोट गोड लागलं. या दोघांना आमच्या आईने वाढवलं असतं, तर बाहेरून आल्यावर आधी मोरीत पिटाळलं असतं आणि जगाचं गोड शंभर वर्षं मागे पडलं असतं.

पण सगळ्यांवर कडी केली आपल्या माणसाने. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे संशोधक काम करत होते. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून काय काय होतं, असा विषय. गोष्ट अशी सांगतात की त्यांना एक पदार्थ 'टेस्ट' करायला सांगितला, म्हणजे तपासायला. त्यांनी 'टेस्ट' ऐकलं, म्हणजे चाखायला. आणि चाखला! साखरेच्या सहाशे पट गोड. तोच आजचा सुक्रलोज, क्रमांक ९५५. इंग्रजीत याला ऐकण्यातली चूक म्हणतात. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहितात, तेव्हा चूक फडणीसांची नव्हे, लिपीची म्हणावी लागेल. आडनाव वाचून मला इतका अभिमान वाटला की लगेच एक पुडा फोडला.

अभिमान संध्याकाळपर्यंत टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मे महिन्यात सांगून ठेवलंय की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असल्या बिनसाखरेच्या गोडव्यांचा आधार घेऊ नका, लांबच्या पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना मात्र ही शिफारस लागू नाही, असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे पेशंट झालो की हा सल्ला माझ्यासाठी नाही, नागरिक राहिलो तर आहे. मी सीमेवर उभा राहून दोन्हीकडे बघत बसलो.

★

मग सगळे जिथे जातात तिथे मीही गेलो. गुळाकडे.

सध्या पुण्यात गुळाच्या चहाची पाटी नसलेला चौक दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. साखर बंद केलेला माणूस तिथे दिवसातून चार वेळा उभा राहतो आणि साखर बंद केल्याच्या आनंदात दुप्पट गोड चहा पितो. गूळ म्हणजे नैसर्गिक. गूळ म्हणजे लोह. गूळ म्हणजे आजी. एवढं सगळं एका कटिंगमध्ये.

माझी सासुरवाडी कोल्हापूरकडची, घरचा ऊस. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मेहुण्याने मला पेढे पाठवले होते. साखरेचे. त्याला फोन केला, म्हटलं, केमिकल नसलेला, प्रक्रिया न केलेला गूळ पाहिजे. तो म्हणाला, "दाजी, गुऱ्हाळावर या की एकदा. डोळ्यांनी बघा, मग बोला."

गेलो. पहाटेची थंडी, चरकाचा खडखडाट, चुलवाणात चिपाडं घालणारी पोरं आणि वर दिवाणखान्याएवढी काहील. तीत रस रटरटतोय. वर काळपट मळी येते ती मोठ्या झाऱ्याने ओढून काढतात. मग भेंडीच्या झाडाचा चिकट रस ओततात, त्याने उरलेली मळी फेसाबरोबर वर येते. गुळव्या नावाचा इसम एका बाजूला उभा. तो हातात थर्मामीटर धरत नाही. मधूनच पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि हात वर करतो. तो हात वर गेला की काहील उतरलीच पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपला. पाक वाफ्यात ओतला, फावड्यांनी घोटला आणि बघता बघता तो घट्ट व्हायला लागला. परतताना साताऱ्यापर्यंत हाताला वास येत होता. गरम काकवी भाकरीवर घेऊन खाल्ली. सीमेवरून मी किती आत शिरलो होतो, त्याची नोंद कुणी केली नाही हे बरं.

"बघितलं?" मेहुणा म्हणाला. "अडीच-तीन तास कढवलाय रस. आन् तुमचं म्हणणं प्रक्रिया नको!"

"आणि रंग उजळायला हायड्रोस घालतात म्हणे?"

"घालत्यात काही जण. का घालत्यात? तुमच्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पिवळाधम्मक लागतोय म्हणून. आम्ही काळा आणला की म्हणायचं जुना हाय, मळका हाय."

खरं होतं. आपण आयुष्यभर सून बघितल्यासारखी गुळाची गोरी ढेप निवडली. शेतकऱ्याने मग तिला पावडर लावली. आता आपल्याला कळलं की काळीसावळीच गुणी, तर तीच 'केमिकल-फ्री' म्हणून दुप्पट भावाने कागदी पिशवीत घेतो, वर सुतळीची गाठ.

निघताना मेहुण्याने पाच किलोची ढेप गाडीत टाकली आणि म्हणाला, "दाजी, खावा. पर एक सांगतो. कारखान्याला जातोय त्यो बी आमचाच ऊस, आन् गुऱ्हाळावर येतोय त्यो बी आमचाच. उसाला काय ठाव नसतंय आपण कुठं चाललोय."

पोषणशास्त्र याहून वेगळं काही सांगत नाही. गुळात थोडी खनिजं आहेत, चव आहे, मातीचा वास आहे. पण मुख्य ऐवज तोच, सुक्रोज. रक्ताला ढेपेचं भौगोलिक मानांकन कळत नाही.

मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना मधाला आणि फळांच्या रसालाही मोकळ्या साखरेतच मोजते. शिवाय २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दाखवून दिलं की आपल्या नेहमीच्या तपासण्या बिनबोभाट पास होतील असं खास सिरप मधात मिसळायला मिळतं. मधमाशीला हे कळलं असतं तर तिने कधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली असती.

★

एवढं वाचून, फिरून, उलटं करून माझं डोकं फिरलं. मग ठरवलं, तज्ज्ञ बोलवायचे. ज्यांना गोडातलं कळतं, पण जाहिरातीतलं कळत नाही असे. आमच्या ओट्याच्या मागच्या फटीत ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

रात्री साडेदहाला जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ओट्यावर पसरलं. पेन्सिलीने सात गोल काढले. साखरेची चिमूट, मेहुण्याच्या ढेपेचा तुकडा, मधाचा थेंब, खजुराच्या सिरपचा थेंब, सॉसचा ठिपका, मारीचा चुरा आणि सातव्या गोलात सुक्रलोजची गोळी. दिवा बारीक केला आणि भिंग घेऊन बसलो.

"अहो, मी मुंग्या मारायचा खडू आणते आणि तुम्ही त्यांच्या पंगती घालताय?" बायको म्हणाली.

"प्रयोग आहे."

"कळलं. सकाळी ओटा तुम्ही पुसायचा."

अकराच्या सुमारास पहिली आली. एकटीच, टेहळणीला. पानाच्या कडेवर थबकली, मिशा हलवल्या, साखरेपाशी गेली, तिथून सॉसपाशी, मग आल्या वाटेने परत. वीस मिनिटांत रांग लागली. अशी शिस्तीची रांग मी रेशनच्या दुकानापाशीही पाहिली नाही. तुकोबांना मुंगीचा हेवा का वाटला असेल, ते त्या रात्री कळलं.

सकाळी निकाल तयार होता. सहा गोल भरले होते. सेंद्रिय गुळाशी त्या जास्त आदराने वागल्या नव्हत्या, कारखान्याच्या साखरेला त्यांनी नाक मुरडलं नव्हतं, खजुराच्या सिरपची किंमत विचारली नव्हती. आणि ज्याला मी आजवर आंबट समजत आलो त्या सॉसभोवती काळं रिंगण. सातव्या गोलापाशी एक आली असावी, कारण पानावर ती एकटी भटकत होती. गोळीला प्रदक्षिणा घातली आणि मंदिरातली दानपेटी टाळून लोक पुढे सरकतात तशी पुढे सरकली.

मुंगीला वाचता येत नाही, म्हणून ती फसत नाही. तिला पुढच्या बाजूची लोंबी दिसत नाही, सडपातळ बाई दिसत नाही, ढेपेमागची आजी दिसत नाही. आम्ही शिकलेले. आम्ही साखर सोडली म्हणजे तिचं नाव सोडलं. मध म्हटलं की पथ्य, गूळ म्हटलं की संस्कृती, सॉस म्हटलं की मुलांसाठी, ९५५ म्हटलं की विज्ञान.

हे सगळं मी आईला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. ती आमटीला फोडणी देत होती. वय ८३, शुगर नाही. माझं व्याख्यान संपेपर्यंत तिने आमटीत आमसुलं टाकली आणि माझ्या डोळ्यांदेखत गुळाचा खडा.

"आई!"

"काय आई? सुपारीएवढा खडा आहे. सहा माणसांची आमटी आहे. दिसतोय ना तुला? मोज हवा तर."

मी गप्प.

"पाडव्याला श्रीखंड केलं की खा. पोटभर खा. पण ते श्रीखंड म्हणून खा, आणि दुसऱ्या दिवशी मागू नकोस. आम्ही गोड सणाला खात होतो. तुम्ही सणाला म्हणता शुगर आहे, वाटी बाजूला सारता, आणि वर्षभर तिखट म्हणून साखर खाता."

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच साखर ठेवा असं सांगितलं, त्यासाठी मोठी पुस्तिका काढली. आईचं माप सुपारीएवढं. दोन्हींचा हिशेब साधारण एकाच गावी जातो. फरक इतकाच की आईचं माप डोळ्यांना दिसतं आणि ते घालणारा हात घरातला असतो.

मग मी साखरेचा डबा माळ्यावरून उतरवला. पुसून, आतला चमचा बदलून, लहान चमचा घालून पहिल्या जागी ठेवला. त्याच्या जागी माळ्यावर सॉस, मुसली आणि मसाला वेफर्स गेले. मुलीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने शेंगदाण्याची चटणी पोळीला लावली आणि बाटलीला मारायच्या थापट्या डब्याला मारल्या. चहात साखर आहे, एक चमचा, दिवसातून दोन कप. ती मला दिसते, डॉक्टरांना सांगता येते आणि तिच्यावर १५० नंबरचा रंग नाही.

★

हा लेख लिहून झाल्यावर सहज आयुर्वेदाचं एक जुनं पुस्तक चाळत होतो. रक्त तपासायची यंत्रं नव्हती, तीन महिन्यांची सरासरी नव्हती, सकाळी उपाशीपोटी सुई टोचून घ्यायला रांग नव्हती. मग आपल्या वैद्यांना प्रमेह कळायचा कसा? त्यांनी एक खूण नोंदवून ठेवली आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात.

म्हणजे तपासनीस तेच, तेव्हापासून. बदल्या नाहीत, बढत्या नाहीत, लाच नाही. आधी त्या ओट्यावर येऊन सांगतात. तिथे आपण खडूची रेघ मारून त्यांचं तोंड बंद केलं, तर त्या तक्रार वर नेत नाहीत. वाट बघतात आणि एक दिवस मोरीत हजर होतात.

आमच्या अजून ओट्यावरच आहेत. सध्या रोज सकाळी दिवा लावून मी आधी तेवढंच बघतो.